तेरावा महिना

फोंड्याच्या इस्पितळात जिन्याखाली एक खोली आहे.
पूर्वी तिथे फिनेलचे डबे असत,
आता मी असते, अवैतनिक सचिव.
एक टेबल, एक शिक्का,
आणि भिंतीवर तीन घड्याळं:
आमचं, लेस्टरचं, सिस्टर त्सेहायचं.

लेस्टरहून पैसे येतात, आणि तक्ते.
फोंड्याहून माणसं जातात, आपापली रजा खर्चून.
भूल देणाऱ्या असुंता रेबेलो,
यंत्रं उघडून बसणारा उल्हास गावडे.
इथिओपियातल्या त्या डोंगरावरून याद्या येतात,
निळ्या शाईच्या, घट्ट अक्षरातल्या.
पहिल्याच यादीत त्सेहायनं लिहिलं होतं:
यंत्रं नकोत. सतरा आहेत, मेलेली.
उठवणारा माणूस पाठवा.

उल्हास गेला
खिशात तेलाच्या घाण्याचे चार वॉशर घेऊन.
पाच यंत्रं श्वास घेऊ लागली.
बाकी बाराचं काय, असं तक्त्यानं विचारलं.

तीन वाजता फोन करा, असं तिनं कळवलं होतं.
मी वजाबाकी-बेरीज करून संध्याकाळी साडेपाचला केला.
ती सकाळपासून फोनपाशी बसून उठून गेली होती.
तिथे दिवस उजाडला की घड्याळ सुरू होतं,
सातला एक वाजतो, नवाला तीन.
मला हसू आलं, मग जरा लाजही वाटली.
सूर्य उगवल्यावर मोजायला लागावं,
यात चुकीचं काय आहे?

सालही त्यांचं सात-आठ वर्षं मागचं.
हे कळलं त्या रात्री मी अंथरुणात हिशेब केला:
म्हणजे तिथे हे अजून आहेत,
तिस्कावरून भाजीची पिशवी घेऊन येतायत,
पिशवीतून माठाचे देठ बाहेर आलेत.

मग ती आली. माझ्याकडे कवळ्याला राहिली.
पोळे खाऊन म्हणाली, आमचे आंबट असतात,
तुमचे आंबटाला घाबरतात.
अंगणात कॉफी भाजली, तीनदा उकळली,
तिसऱ्या कपापर्यंत शेजारची भांडकुदळ लक्षुमीही येऊन बसली.
नवजात बाळांच्या वॉर्डात मात्र ती दिवसभर गप्प होती.
रात्री विचारलं, आया बाहेर का बसतात?
नियम आहे, म्हटलं.
कुणाचा, ते तिनं विचारलं नाही.
एकतीस वर्षं तो नियम मीच सांभाळला होता.
दुसऱ्या दिवशी तिनं कॉरिडॉरमधली एक खुर्ची उचलली
आणि आत नेऊन ठेवली.
आता अकरा आहेत.
तक्त्यात खुर्च्यांना रकाना नाही.

गेल्या चवथीला फिल्टरची पेटी अडकली.
त्यांच्या विमानतळावर एक कागद कमी पडला.
कागद होता, शिक्का नव्हता.
शिक्का या टेबलाच्या खणात होता
आणि मी दुपारीच घरी गेले होते,
माटोळीला हरणांची पिवळी फुलं बांधायला.
त्यांच्याकडेही तेव्हा डोंगर पिवळे होतात, ती सांगायची,
नवं वर्ष तोंडावर आलेलं असतं.
मध्ये पाच दिवसांचा एक चिमुकला महिना,
बारांच्या मागून धावत येणारा तेरावा.
निरोप आला:
बाळ गेलं. अकराशे ग्रॅम. पागुमे, तीन.

वार्षिक अहवालात बाराच चौकटी.
लेस्टरच्या ॲलिसनबाई भल्या आहेत,
म्हणाल्या, सप्टेंबरमध्ये धरा ना.
धरता आलं असतं.
पण त्सेहायच्या वहीत तो दिवस सप्टेंबरमध्ये नाही,
आणि त्या आईच्याही नसणार.

मी पट्टी घेतली.
समासात आणखी एक रेघ ओढली,
जरा तिरकी आली, राहू दिली.
आत लिहिलं: एक.
कारण या सदरात लिहिलं: शिक्का.
आणि खाली शिक्का मारला.

नवी यादी आली आहे, निळी शाई, नऊ ओळी.
असुंताबाई जानेवारीत जाणार,
उल्हास म्हणतो, बारातली दोन अजून धुगधुगतायत.
साडेअकरा होत आले.
तिचे तीन.
फोन करते.